हॉटेल गव्हाणच्या ताटावर चाचांचा आवाज

८ जानेवारी, गुरुवार. वाकदरी

पहाटेच्या एसटीनं हदगाव, तिथून दिनूच्या गाडीवर गावात. माझा भाऊ गाडी चालवतो की नांगर धरतो, कळत नाही. आज त्याच्या पोराची कंदुरी. पोरगं जन्मल्यावर अकरा दिवस काचेच्या पेटीत होतं, तेव्हा आईनं माळावरच्या पीराला बोकड बोलला होता. आता दीड वर्षाचं झालंय आणि हाताला लागेल ते तोंडात घालतंय. म्हणजे नवस फेडायला हरकत नाही.

रशीदचाचा उजाडायच्या आधीपासून माळावर. आसपासच्या पाच-सात गावांत त्यांच्याशिवाय कंदुरी होत नाही. आधी त्यांच्या वडिलांशिवाय होत नव्हती. बोकड कापायचा त्यांनी, फातेहा द्यायचा त्यांनी, शिजवायचं त्यांनी. मजुरी घेत नाहीत. मुंडी, पाय आणि कातडं हा त्यांचा हक्क. देगीत मिठाची पहिली मूठ नवसाच्या घरच्या बाईनं टाकायची, मग चाचा चुलीजवळ कुणालाच फिरकू देत नाहीत. आईनं मूठभर मीठ टाकलं. शूट केलं. कामाची खोड.

पंगत बसली की चाचा वाढता वाढता म्हणतात, "लाजू नका, मोजू नका. पोटभर खा, पीराच्या घरचं हाय." लहानपणापासून ऐकतेय. धुरानं खरडलेला घोगरा आवाज. आज पहिल्यांदा वाटलं, काय आवाज आहे हा! मोबाईल पार तोंडाजवळ नेला. "चाचा, घेऊ ना तुमचं?"

"घे की बेटा. कंदुरीत कुनाला न्हाई म्हनत असतेत का?"

उरलेलं घरी न्यायचं नसतं, माळावरच संपवायचं. उरलंच नाही. मी दोनदा बसले.


१० जानेवारी. नांदेड

ऑफिस (म्हणजे एक खोली, दोन कॉम्प्युटर, मी आणि प्रज्ञा). प्रज्ञा एडिटिंग करते, मी डिझाइन आणि लोकांची मनधरणी. हॉटेलं, लॉज, कृषी पर्यटनवाले, जो येईल तो.

बालाजीशेठचा फोन. लातूर-उदगीर रोडवर त्यांचं 'हॉटेल गव्हाण'. गव्हाणीत जनावरं खातात हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. त्यावर म्हणाले, "म्हनूनच! पोटभर खातेत." तिथंच वाद संपला.

आज रडगाणं. "मॅडम, मटन थाळी समदेच विकून राहिलेत. आपलं कायतरी येगळं पाहिजे. मानूस किल्ला बघायला उदगीरला आला की आपल्याकडंच वळला पाहिजे." त्यांना 'किल्ला बघा, गव्हाणीत जेवा' असं पॅकेज पाहिजे. तीन महिन्यांत गिऱ्हाईक वाढलं नाही तर दुसरी एजन्सी बघणार. आमच्याकडे महिन्याचं बांधलेलं मोठं काम हेच एक. प्रज्ञाला सांगितलं तर ती म्हणाली, मग दाखव काहीतरी वेगळं.


१३ जानेवारी

गावाकडचे व्हिडिओ चाळत होते. चाचांचा आवाज लावला. प्रज्ञानं मान वर केली. "हे कोण?"

सांगितलं. तिच्या डोळ्यांत ते एडिटरचं चकाकणं आलं. माझ्याही आलं असणार.

हॉटेलचं ताट जवळून, रस्सा ओतताना, भाकरी मोडताना. त्यावर चाचांचा आवाज. सुरुवातीला आमच्याच माळावरची देग, वाफ, आईचा मीठ टाकणारा हात. खाली अक्षरं: 'कंदुरी थाळी. आता रोज.' अक्षरं मी हातानं काढली, खडूनं लिहिल्यासारखी. सुंदर झालंय. खरंच सुंदर झालंय, हे लिहून ठेवते.

बालाजीशेठ: "आवो मॅडम, अंगावर काटा आला!"


१४ जानेवारी, संक्रांत

संध्याकाळी हॉटेलच्या पेजवर टाकलं. उद्या करीचा दिवस, घरोघर मटण. वेळ अचूक साधली म्हणून स्वतःचीच पाठ थोपटली.


१७ जानेवारी

चाललं. म्हणजे सुटलंच. बालाजीशेठच्या हॉटेलबाहेर काल गाड्या रस्त्यापर्यंत. दुपारी दोनलाच रस्सा संपला, मग पाणी वाढवून वाढवलं (हे त्यांनी अभिमानानं सांगितलं).

लोक चाचांचा आवाज उचलून स्वतःच्या व्हिडिओंना लावतायत. कुणाच्या आजीचे लाडू, कुणाची पाणीपुरी, एकानं तर म्हशीला पेंड घालताना लावलाय. प्रज्ञा आणि मी पोट धरून हसलो. तो म्हशीचा मी चाचांच्या सुनेला, नसीमला, पाठवणार होते. राहून गेलं.


२१ जानेवारी

बालाजीशेठना आता बोर्डावर चाचांचा चेहरा पाहिजे. "आवाज हाय तर तोंडबी पाहिजे की." फोटोवरून रेषांचं चित्र केलं: दाढी, डोळ्यांच्या सुरकुत्या, पांढरी टोपी. पाठवलं.

फोन. "मॅडम, टोपी काढा. फेटा घाला. आपल्याकडं समद्या टाईपचं गिऱ्हाईक येतंय."

मी म्हटलं, ते मुसलमान आहेत.

"म्हनूनच म्हनलं ना."

मग टोपी काढली, केशरी फेटा घातला. काम चार मिनिटांचं होतं. दाढी थोडी बारीक केली, तेही त्यांनीच सांगितलं. प्रज्ञा माझ्या पाठीमागं उभी होती. ती चहा टाकायला गेली.


२५ जानेवारी, रविवार

उदगीरला जाऊन आले. किल्ल्यावर लोक, तिथून गव्हाणीकडे लोक. बोर्ड लागलाय. चाचा केशरी फेट्यात, पंधरा फूट उंच, आणि खाली त्यांचं वाक्य माझ्या अक्षरात. दारात स्पीकर लावलाय, गाडी आत वळली की वाजतं: "लाजू नका, मोजू नका." गल्ल्यावर बसलेला माणूस त्याच वेळी मोजत असतो. मला हसू आलं, मग आलं नाही.

बालाजीशेठनी कौतुकानं सगळ्यांना सांगितलं, या मॅडमचं डोकं. मला चांगलं वाटलं. खोटं कशाला लिहू?


१ फेब्रुवारी

अण्णांचा फोन. वडील स्वतःहून फोन करत नाहीत. आईच्या फोनमध्ये मागून खोकतात, तेवढंच.

"तू चाचाला हाटेलात लावलंस का?"

नाही अण्णा, फक्त आवाज आहे.

"गावात म्हनून राहिलेत, चाचानं पीराचं इकलं. हाटेलवाल्यानं लाखभर देले म्हनं."

एक रुपया दिलेला नाही, मी सांगितलं. सांगताना लक्षात आलं की हे काही बरं वाक्य नाही. एक रुपयासुद्धा दिलेला नाही.

"मंग त्यो तिथं वरडतोय कशाला?"

म्हटलं, येते मी.


५ फेब्रुवारी, गुरुवार. वाकदरी

आज मारुतीकाकांच्या घरची कंदुरी होती. माळाच्या पायथ्याशी चार गाड्या. दोन लातूरच्या, दोन नांदेडच्या. व्हिडिओवर मी 'माळावरचा पीर, वाकदरी' अशी जागा टाकली होती. मीच टाकली होती, कारण पर्यटनवाल्या कामात ठिकाण टाकायचंच असतं. तिथल्या तिथे काढून टाकलं. पण तोवर ही मंडळी येऊन चपला काढत होती.

आलेल्याला बसवतात. तीच रीत. मारुतीकाकांनी त्यांनाही बसवलं, पाणी दिलं. चाचा वाढायला निघाले. त्यांनी तोंड उघडायच्या आत एका गॉगलवाल्यानं त्यांचाच आवाज काढून ते वाक्य म्हटलं. त्याचे दोस्त हसले. एकीनं मोबाईल धरला, "अंकल, अंकल, तुम्ही म्हणा ना!"

चाचा रश्श्याची बादली घेऊन उभे. म्हणाले नाहीत. वाढत पुढं गेले. पूर्ण पंगत झाली, म्हणालेच नाहीत. मी एवढ्या कंदुऱ्या बघितल्यात, पहिल्यांदा पंगत अशी गुमान झाली.

जेवण झाल्यावर गॉगलवाल्यानं मारुतीकाकांना विचारलं, "स्कॅनर कुठंय?"

काकांना कळलं नाही. त्यानं फोन दाखवला. "पैसे, काका. किती झाले? आणि दोन पार्सल."

मारुतीकाका या माणसानं नातीला साप चावला तेव्हा नवस बोलला होता. त्यांचं तोंड बघवेना. त्या पोराचा दोषही नव्हता, तो बिचारा पैसे द्यायला तयार होता. रोज मिळते असं अक्षरं काढून मीच सांगितलं होतं त्याला.

गाड्या गेल्यावर काका चाचांना बोलले. सगळ्यांसमोर. "रशीद, तुझ्या बापानं असं केलं नसतं."

चाचा म्हणाले, "म्या काय केलं?"

मी तिथंच उभी होते. मी मध्ये पडून सांगितलं की मी केलं, चाचांना काही माहीत नव्हतं. काका म्हणाले, "पोरी, आवाज तुझा हाय का त्याचा?"




६ फेब्रुवारी

येताना चाचांच्या घरी गेले होते, कालचं लिहायचं राहिलं. चाचांकडे साधा फोन आहे, त्यांनी हे काही बघितलंच नव्हतं. नसीमनं बघितलं होतं. तिला वाटलं, चाचांना विचारूनच केलं असेल, शीतलदीदीनं केलंय म्हणजे. तिनं माझ्यासमोर त्यांना बोर्डाचा फोटो दाखवला.

चाचांनी फोन लांब धरून बघितला, मग जवळ.

"फेटा बांधलाय."

मी मान खाली घातली.

"म्या लग्नातबी कधी बांधला न्हाई," म्हणाले. रागानं नाही. रागानं म्हणाले असते तर बरं झालं असतं.


८ फेब्रुवारी. लातूर

बालाजीशेठना समोरासमोर भेटले. सगळं सांगितलं. नवस म्हणजे काय, विकत का नाही देत, चाचांना गावात काय ऐकावं लागतंय. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही, यानं जास्त अवघड होतं.

"मॅडम, माझ्या आईनंबी कंदुऱ्या केल्यात. मला कळतंय. पन चालून राहिलंय ते बंद करू? आचारी तीन नवे ठेवलेत. त्यायला काय सांगू?" मग म्हणाले, "चाचाला आना की इथं. पगार देतो. मानानं ठिवतो."

हे चाचांना सांगण्याची माझी हिंमत नाही.


९ फेब्रुवारी

पासवर्ड माझ्याकडे आहे. सकाळी दहाला हॉटेलच्या पेजवरून तो व्हिडिओ काढून टाकला. मोकळं वाटलं. अर्धा तास.

मग प्रज्ञा म्हणाली, "शीतल, इकडे बघ." मूळ काढलं तरी लोकांनी आधीच उतरवून घेतलेलं, पुन्हा चढवलेलं, आपापल्या नावानं. चाचांचा आवाज आता कुणा 'खवय्या पाटील'च्या नावावर आहे. दुसरा कुणा मेकअपवालीच्या. तिसरा नुसता आकडे असलेल्या कुणाच्या. प्रज्ञा खाली खाली सरकवत राहिली. मी म्हटलं, बस कर.

दुपारी बालाजीशेठ. इतकं ओरडले की फोन कानापासून लांब धरावा लागला. काम गेलं. त्यांच्या पुतण्यानं तासाभरात व्हिडिओ परत चढवला, त्याच्याकडे होताच. वर 'ओरिजनल' असं लिहून.


१२ फेब्रुवारी

एकेका व्हिडिओची तक्रार टाकतेय. कारण निवडायचं असतं. यादी येते: हिंसा, फसवणूक, नग्नता, माझ्या मालकीचं चोरलं. 'दुसऱ्याच्या मालकीचं मीच चोरलं' असं त्यात नाही. मालकीचं निवडते. उत्तर येतं की आम्ही तपासलं, आम्हाला काही गैर आढळलं नाही. तेच उत्तर, प्रत्येक वेळी, अगदी अदबीनं.

काही ठिकाणी खाली प्रतिक्रियांमध्ये वाचवत नाही असली भाषा. पीर शब्दावरून, दाढीवरून, दोन्हीकडची. चाचांना वाचता येत नाही हे पहिल्यांदा बरं वाटलं. ते वाटल्याचीही लाज वाटली.


१५ फेब्रुवारी

प्रज्ञाशी भांडण. मी म्हटलं, तुलाही तेव्हा आवडलं होतं, माझ्या एकटीच्या डोक्यावर का.

ती शांतपणे म्हणाली, "आमच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हाच घरातले नवस बंद झाले. मी कंदुरी जेवलेच नाही कधी. मला खरंच माहीत नव्हतं की यात विकायचं नसतं. तुला माहीत होतं."

हे खरं आहे. मला माहीत होतं. माहीत असून मला एका क्षणालाही आठवलं नाही. मोबाईल हातात असला की मला फक्त दिसतं आणि ऐकू येतं, आठवत काही नाही.

नंतर तिनं माझ्या वाटच्या निम्म्या तक्रारी स्वतः टाकल्या.


१९ फेब्रुवारी

रमजान लागला. आता महिनाभर चाचा कंदुरी करत नाहीत, दरवर्षीच. अण्णा म्हणाले, "बरं झालं. महिन्याभरात लोक इसरतेन."

मीही तेच धरून बसलेय. आमच्या धंद्यात कुठलाही आवाज दोन-तीन महिन्यांवर टिकत नाही. दुसरा येतो, लोक त्याच्या मागं जातात. पहिल्यांदाच मी एखादी गोष्ट मरावी म्हणून वाट बघतेय. बाकी दिवस उलट वाट बघण्यात गेले.


४ मार्च

टिळक चौक नव्हे, स्टँड नव्हे, चक्क माझ्या दाताच्या डॉक्टरांच्या वेटिंगमध्ये. शेजारच्या बाईच्या फोनमधून. "लाजू नका, मोजू नका." बाई हसली आणि फोन माझ्याकडे वळवून म्हणाली, "बघितलंय का? किती गोड आहेत आजोबा."

हो म्हटलं.


१९ मार्च, पाडवा

नवी कामं दोन. एक लॉज आणि एक चहावाला. चहावाल्याला आवाज पाहिजे. "ते म्हाताऱ्याचं व्हायरल झालं ना, तसला एखादा म्हातारा आना." मी नाही म्हटलं. एवढं एक सरळ नाही म्हणायला जानेवारीत काय झालं होतं मला?


२१ मार्च, ईद. वाकदरी

शिरखुर्मा घेतला. नसीम नीट बोलली, पण पूर्वीसारखी स्वयंपाकघरात ओढून नेली नाही, बाहेरच्या खाटेवर बसवलं. पाहुणीसारखं.

चाचांनी नवा सदरा घातलेला. वाळलेत. एकदम कामाचं बोलावं तसं म्हणाले, "बेटा, एक काम कर. त्यो आवाज बंद करून टाक."

मी म्हटलं, चाचा, मी माझ्याकडचा काढलाय, पण...

"हां, मंग बाकीचाबी काढ. तूच घातलास न्हवं मशिनीत? घालता येतंय त्याला काढता येतंय." मग हळू आवाजात, नसीमला ऐकू जाऊ नये असं, "म्या म्हनलो की पोरं हसतेत. मारुतीच्या कंदुरीत जीभच उचलली न्हाई. बापाचे शब्द हायेत ते. मला म्हनता येईना झालेत."

मी समजवायला सुरुवात केली. की ते आता हजारो जणांकडे आहे, की कुणाला फोन करून सांगता येत नाही, की कुणाकडेच त्याचं बटण नाही. हातपंप नादुरुस्त असला की गावात कुणीतरी दुरुस्त करणारा असतोच, तसं चाचांना वाटतंय, आणि तो माणूस म्हणजे मी. मी सांगत होते ते त्यांना बहाणा वाटत होता. त्यांच्या तोंडावर ते स्पष्ट दिसलं, की पोरगी टाळून राहिली.

मला ते सहन झालं नाही. म्हटलं, "हाव चाचा. करते."

इतके खूश झाले. आत ओरडून सांगितलं, आणखी शिरखुर्मा आण म्हणून.


२७ मार्च, शुक्रवार

दुपारी नमाजानंतर चाचांचा फोन. "झालं का?" म्हटलं, चालू आहे. "कर, कर. घाई न्हाई."


२ एप्रिल, गुरुवार

दिनूचा फोन. ईद झाल्यावरची पहिली कंदुरी आज वाकदरीत झाली, खालच्या आळीत. चाचांना बोलावलं नाही. फातेहा द्यायला दुसऱ्या गावचा मुलाणी आणला, आणि शिजवायला हदगावचा केटरर. टेबल-खुर्च्या घालून.

"चाचा काय करत होते?"

"घरीच व्हते. धूर दिसतो ना घरून. वसरीत बसून व्हते."

अण्णा गेले नाहीत जेवायला. आईनं सांगितलं. अण्णांनी आयुष्यात कुणाच्या पंगतीला नाही म्हटलेलं नाही.


३ एप्रिल, शुक्रवार

फोन आला. "झालं का, बेटा?" कालचं काही बोलले नाहीत. मीही नाही. म्हटलं, थोडंच राहिलंय.

थोडंच राहिलंय! कुठून येतं हे माझ्या तोंडात. गिऱ्हाइकांना डिझाइन उशिरा झालं की असंच सांगते.

नंतर बराच वेळ रडले. प्रज्ञानं खुर्ची जवळ ओढली आणि माझं लॉजचं पोस्टर स्वतः पूर्ण केलं.


६ एप्रिल, सोमवार

सकाळी प्रज्ञानं बोलावलं. तिला सांगायचं नव्हतं, पण नंतर कळलंच असतं. कुण्या डीजेवाल्यानं चाचांच्या आवाजाला ढोल लावून गाणं केलंय. 'पोटभर खा.' काल चढवलं, आज सगळीकडे. लग्नसराई तोंडावर आहे. खाली लोकांनी लिहिलंय, वरातीला हेच पाहिजे. म्हणजे हे आता मोबाईलमधून बाहेर येणार, ट्रॅक्टरवरच्या स्पीकरमधून, गावोगाव. नकाशा डोळ्यासमोर आला: हदगाव, हिमायतनगर, तामसा. वाकदरीत या महिन्यात तीन लग्नं आहेत.

डीजेवाल्याला मेसेज केला. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि विचारलं, आजोबांचा नंबर मिळेल का, पुढच्या गाण्यासाठी.

हे चालू असतानाच फोन वाजला. शुक्रवार नसताना चाचांचा.

"बेटा, झालं गं!"

मला कळेना.

"काल हदगावला गेलतो. स्टँडवर बसलो, बाजारातून फिरलो, रसवंतीवर बसलो. दोन घंटे. कुठंच न्हाई वाजलं. एकदाबी न्हाई. तू बंद केलंस ना?" दम न घेता पुढं म्हणाले, "अल्ला तुझं लई भलं करो. म्या म्हनत व्हतो समद्यायला, शीतल करती म्हनलीय तर करती."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"हिमायतनगरकडच्या एका गावात येत्या गुरुवारी कंदुरी हाय. त्यांचा मानूस आलता, कचरत व्हता. म्या सांगितलं, ते समदं मिटलं, पोरीनं बंद केलं, आता कुनी हसनार न्हाई. तवा हाव म्हनला त्यो. तूबी ये. पंगतीत म्हनतो बघ, पहिल्यासारखं."

गुरुवारी. तीन दिवस. सांगायला पाहिजे होतं. तोंडात शब्द जमवलेसुद्धा: चाचा, ऐका जरा. तेवढ्यात त्यांनी विचारलं, "हालो? बंद झालं ना, बेटा?"

"हाव चाचा," मी म्हटलं, "झालं."

प्रज्ञाच्या स्क्रीनवर ढोल चालूच होता. तिनं हात लांब करून तिच्या कॉम्प्युटरचा आवाज बंद केला, फोनमधून त्यांना ऐकू जाऊ नये म्हणून.